छापाचा हातोडा

मी आयुष्यात हेवा केला तो एकाच माणसाचा. तो माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि त्याला कामाला लावणाराही मीच होतो.

आमची दोन्ही घरं ढिवरांची, धानोऱ्याकडच्या एकाच गावातली. गावाला मोठं तळं होतं, त्यातल्या मासळीवर आमचं पोट. मी सातवीपर्यंत शिकलो, डाव्या हातानं लिहायचो पण अक्षर चांगलं होतं, म्हणून बल्लारशाला एका आरागिरणीत कारकून लागलो. आलापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके गाड्यांवर, पुढे ट्रकवर लादून येत. गिरणीत त्यांच्या फळ्या, तुळया, चौकटी होत आणि रेल्वेनं बाहेर जात. बारा वर्षांत मी कारकुनाचा फड-मुकादम, म्हणजे लाकूड रचायच्या आवाराचा मुख्य, झालो. कोणता माल चांगला, कोणता हलका हे मी सांगायचं आणि मालकानं मान डोलवायची. गिरणीत मालकाच्या खालोखाल माझाच शब्द होता. निदान मला तसं वाटे.

साळ्याला मी आणलं तेव्हा त्याला जेमतेम लिहिता-वाचता येत होतं. गावी असताना तो जाळं टाकण्याआधी त्याचा एकेक डोळा बोटांनी चाचपून बघायचा. बाकीचे चार फेकी करून मोकळे व्हायचे तेव्हा याची पहिली फेक. मी त्याची टिंगल करायचो. गिरणीतही तो तसाच राहिला. फळ्या रचायचं काम दिलं तर प्रत्येक फळी उलटून बघायचा. बोलणं कमी, कोणाशी भांडण नाही. राहायला आमच्याच घरी होता. मोठ्या बहिणीला तो 'बाई' म्हणायचा आणि मला 'भाऊजी'. तोवर आमचं छान चाललं होतं.

आमचा जिल्हा नुकताच जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. त्याच सुमाराला गिरणीत एक आगळी मागणी आली. मुंबईजवळ अणूचं काम सुरू झालं होतं. अणू म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नव्हतं. जपानात शहर जाळलं ते काहीतरी, एवढंच. तिथं एक भट्टी उभी राहत होती, आणि भट्टीतून फिरून आलेलं गरम पाणी एका उंच मनोऱ्यातून खाली सोडून थंड करायचं होतं. मनोऱ्याच्या आत लाकडी पट्ट्यांचे थरच्या थर. पाणी त्या पट्ट्यांवर फुटत फुटत खाली येणार. त्या पट्ट्या सागाच्या हव्या होत्या, हातभर लांब, तीन बोटं रुंद, आणि हव्या होत्या हजारोंनी.

मागणीपाठोपाठ तिथले तपासणी साहेब आले. तिशीतले, सडपातळ, चष्मा, पांढरा बुशशर्ट. मालकानं त्यांच्यासाठी खुर्ची टाकली, निवडक माल समोर मांडून ठेवला. साहेबांनी त्या मालाकडे बघितलंही नाही. ते थेट फडात गेले आणि विचारलं की हा ओंडका कुठल्या जंगलातला, तो कधी पाडला, कधी चिरला, वाळवला किती दिवस, आणि हे सगळं कुठं लिहिलंय. मी म्हणालो, लिहिलेलं नाही, पण मला तोंडपाठ आहे.

"तुम्ही आजारी पडलात तर?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी सगळ्यांना गोळा करून समजावलं. सागाच्या सालीलगत जो पांढरट भाग असतो तो पाण्यात राहिला की वर्षा-दोन वर्षांत कुजतो. आतला तांबूस गाभा टिकतो. घराच्या चौकटीला थोडा पांढरा भाग आला तर काही बिघडत नाही. पण मनोऱ्यात एक पट्टी कुजून पडली तर तिचे तुकडे पाण्याबरोबर नळात जातील, नळ तुंबेल, आणि भट्टीला थंड पाणी पुरणार नाही. तशी भट्टी एकदा तापू लागली की विस्तवासारखी पाणी ओतून विझवता येत नाही. मग ते मालकाकडे वळून म्हणाले, "मी तुमचं लाकूड तपासायला आलेलो नाही. तुम्ही ते कसं तपासता, ते तपासायला आलोय."

मालकाला यातलं काय कळलं कोण जाणे, पण पुढचं कळलं. पट्ट्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक कार्ड लागणार होतं. त्यावर ओंडक्याचा नंबर, चिरल्याची तारीख, वाळवणीचे दिवस आणि तपासणाऱ्याची सही. पास झालेल्या पट्टीवर छाप पडणार होता. त्यासाठी साहेबांनी एक लहानसा लोखंडी हातोडा आणला होता. त्याच्या तोंडावर उलटं अक्षर कोरलेलं. लाकडावर ठोकला की सुलट उमटायचं. गिरणीतला एकच माणूस तो हातोडा वापरणार. त्यानं नाही म्हटलेली पट्टी मालकानं हो म्हटलं तरी मुंबईला जायची नाही.

असा माणूस कोण, हे मला विचारायचीही गरज वाटली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगून टाकलं. तिनं ते संध्याकाळपर्यंत चार घरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा पाच-सहा जणांना एकेक ढीग दिला, सगळे सारखे दिसणारे, आणि म्हणाले, यातल्या घ्यायच्या त्या उजवीकडे, टाकायच्या त्या डावीकडे. माझं काम सगळ्यात आधी झालं. मालक शेजारी उभे होते. एक पट्टी हातात आली तेव्हा कडेला पांढरी झाक दिसली होती, हे मला आजही आठवतं. पण मालकांनी नुसतं "हं" केलं आणि माझा हात उजवीकडे वळला. साळ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. मालक त्याच्याही शेजारी जाऊन उभे राहिले, एक-दोनदा खाकरले. त्यानं वर बघितलं नाही.

ढिगांत साहेबांनी मुद्दाम खराब पट्ट्या मिसळल्या होत्या. साळ्यानं सगळ्या काढल्या होत्या, आणि वर एक चांगलीही टाकली होती. माझ्याकडून दोन सुटल्या होत्या. साहेबांनी सगळ्यांसमोर हातोडा त्याच्या हातात दिला. त्याला विचारलं, ही चांगली पट्टी का टाकली. तो म्हणाला, "मले शंका आली. शंका आली त कशाले घ्या?"

ते ऐकून साहेबांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरलो नाही. बारा वर्षांत मालकानं माझ्याकडे तसं एकदाही बघितलं नव्हतं.

मला कार्डं लिहायचं काम मिळालं, अक्षर चांगलं म्हणून.

हेवा कसा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं तो रागासारखा येत-जात असेल. तो तसा येत-जात नाही. तो अंगात राहायला येतो. सकाळी उठलं की तो आपल्या आधी उठलेला असतो. साळा आमच्याच ओसरीत झोपायचा, आमच्याच ताटात पेज प्यायचा. त्याच्या कमरेला करगोट्यात हातोड्याच्या पेटीची किल्ली असायची आणि तो वाकला की ती वाजायची. तो आवाज मला घरभर ऐकू यायचा. माझी बायको त्याच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढायची. आधीही तिथंच वाढायची, पण आधी मी बघत नव्हतो. शेजारच्या बाया येऊन म्हणायच्या, तुह्या भावाच्या सहीशिवाय म्हणे मुंबईचं काम अडते. ती लाजून हसायची. पुढं काही बोलायची नाही, माझ्याकडे बघून गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं मला त्या हसण्याहून टोचायचं.

सगळ्यात वाईट हे, की तो मला विचारत राहायचा. भाऊजी, ही चीर आहे का नुसती रेघ? भाऊजी, हा ओंडका कोणत्या बाजूनं चिरावा? लाकडाचं त्याला जे येत होतं ते बरंचसं मीच शिकवलेलं होतं. मी उत्तर द्यायचो. मग तो माझ्याच उत्तरावर विचार करून कधी कधी उलट ठरवायचा आणि त्याचंच बरोबर निघायचं.

तो फार पट्ट्या टाकायचा. टाकलेल्या पट्टीवर गेरूची रेघ ओढून वेगळ्या ढिगात ठेवायचा आणि ढिगाची मोजदाद रोज करायचा. तो ढीग वाढत गेला तसा मालकाचा आवाज वाढत गेला. मालक त्याला सगळ्यांदेखत बोलायचे तेव्हा मी कार्डावर मान खाली घालून लिहीत असायचो, आणि खरं सांगायचं तर ते दिवस माझे चांगले जायचे. मग साहेब पुन्हा आले. त्यांनी गेरूचा ढीग बघितला, मोजदाद बघितली, आणि मालकाला म्हणाले की आणखी दोन गिरण्यांना काम दिलं होतं, त्यांच्याकडे असा ढीगच नाही, म्हणून त्यांचं काम काढून तुमच्याकडे देतोय. मालक त्याच दिवशी साळ्याला 'भाऊ' म्हणायला लागले. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस.

मी जे केलं ते त्यानंतर पंधरा दिवसांनी.

उन्हाळ्याचे दिवस होते. गावाहून निरोप आला की सासऱ्यांना ताप आहे. साळा दोन दिवसांसाठी गेला. वाटेत नदीत उतरावं लागतं, किल्ली कुठं पडायला नको, म्हणून ती त्यानं बहिणीजवळ दिली. तिनं ती आपल्या पेटीत लुगड्यांखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा मी घरी आलो, पेटी उघडली आणि किल्ली घेतली. चांद्याकडचा वैशाख ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्या वेळी गिरणी बंद असायची, माणसं सावलीत आडवी व्हायची. फडात कोणी नव्हतं. मी गेरूच्या ढिगातून नऊ पट्ट्या काढल्या, गेरूच्या रेघा रंध्यानं तासल्या, पांढऱ्या कडेवर तेलाचा हात फिरवला आणि छाप मारले. बांधून तयार असलेल्या एका गठ्ठ्यातून नऊ चांगल्या काढून तिथं या घातल्या. बायको परत यायच्या आत किल्ली पेटीत होती.

भट्टीचं काही बिघडावं असं माझ्या मनात नव्हतं. मला वाटत होतं की साहेब तिथं गठ्ठा उघडतील, त्यांना या दिसतील, आणि त्याच्याबद्दल त्यांची मान एकदा नकारार्थी हलेल. मला तेवढंच हवं होतं. आणि साहेबांनी गठ्ठा उघडलाच नाही तर काय, याचा विचार मी करत नव्हतो. तो मनात यायला लागला की मी दुसरं काही आठवायचो.

साळा आला त्याच्या आदल्या दिवशी वॅगन सुटली होती. त्यानं आल्याआल्या गेरूचा ढीग मोजला. पुन्हा मोजला. मग तो माझ्याकडेच आला.

"भाऊजी, नऊ कमी हायेत."

मी म्हणालो, कोणीतरी चुलीला नेल्या असतील, बाया नेतात. तो म्हणाला, चुलीला न्यायला बाहेर चिपाट्यांचा डोंगर पडलाय, ढिगातल्या कोण नेईल? मी म्हणालो, तुझीच मोजदाद चुकली असेल. त्यानं यावर खरंच विचार केला. 

"चुकली असन," तो म्हणाला. "पण नसन चुकली त त्या वॅगनीत हायेत."

तो मालकाकडे गेला आणि मुंबईला तार करायची परवानगी मागितली. मालकांनी त्याला वेड्यात काढलं. नऊ पट्ट्यांसाठी अख्खी वॅगन अडवून ठेवणार, आणि त्याही नसल्या तर? साळा ऐकून घेऊन बाहेर आला, स्टेशनवर गेला आणि स्वतःच्या नावानं तार केली. सगळे गठ्ठे उघडा, नऊ पट्ट्यांची शंका आहे, माझा छाप असला तरी धरू नका.

मुंबईत सगळे गठ्ठे उघडले. नऊच्या नऊ सापडल्या.

साहेब त्या पट्ट्या घेऊन आले. मालकाच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. पट्ट्या टेबलावर मांडल्या होत्या. साळ्यानं एकेक उचलून छाप उजेडाला धरून बघितला. शेवटची पट्टी त्यानं जरा जास्त वेळ धरली. साहेबांनी विचारलं, छाप तुमच्या हातोड्याचा आहे का. तो म्हणाला, आहे. तुम्ही मारला का? नाही. मग कोणी?

"हातोडा माह्या ताब्यात होता," तो म्हणाला. "त चूक माही."

साहेबांनी दोनदा-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तो त्याच्या पुढं गेला नाही. किल्ली कोणाजवळ ठेवली होती हेही त्यानं सांगितलं नाही. शेवटी साहेब म्हणाले की तार केलीत हे फार मोठं काम केलंत, पण हातोडा कसा बाहेर गेला हे जोवर मला कळत नाही तोवर तो मी तुमच्याकडे ठेवू शकत नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, कार्डं नीट लिहिलेली असतात, जुने आहात. हातोडा त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

मी तो घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी साळ्यानं आपलं गाठोडं बांधलं. भामरागडकडे कोणा ठेकेदाराकडे बांबूची मोजणी करायला माणूस हवा होता. बायकोनं त्याला भाकरी बांधून दिल्या. तो गेल्यावर ती चुलीपाशी बसून राहिली, आणि मी काही विचारलं नसताना म्हणाली, "किल्ली माह्या पेटीत होती." एवढंच. त्यानंतर तिनं मला वाढणं बंद केलं नाही, बोलणंही बंद केलं नाही. पण मी जेवत असताना समोर बसायची ती बसेनाशी झाली.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. आणि हेवा तसाच होता. उलट आता तो माणूस समोर नव्हता, म्हणून तो आणखी मोठा झाला होता. मी एखादी पट्टी पास केली की आरा चालवणारा मिस्त्री ती हातात घेऊन फिरवायचा आणि म्हणायचा, त्यानं ही टाकली असती. मी टाकली तर म्हणायचा, त्यानं ही घेतली असती. मालक 'हं' करायचे आणि माझा हात अजूनही उजवीकडे वळू पाहायचा. मी तो जोर करून डावीकडे नेत होतो. रात्रंदिवस भामरागडच्या जंगलात बसलेल्या एका माणसाशी माझी बरोबरी चालली होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

पाऊस लागला. भामरागडचे रस्ते बंद झाले. तिकडचा माणूस ना इकडे येत होता, ना इकडचा निरोप तिकडे जात होता. श्रावणात सासरे वारले, तेही त्याला कळवता आलं नाही. बायको गावी जाऊन आली. आल्यावर तिनं पेटी उघडली, लुगडी बाहेर काढली, पेटी उलटी करून झटकली आणि पुन्हा लुगडी आत ठेवली. मी ओसरीतून बघत होतो. त्या पेटीत झटकण्यासारखं काही नव्हतं.

भाद्रपदात साहेब आले. कार्डं बघितली, ढीग बघितला, म्हणाले, अक्षर सुरेख आहे तुमचं. आणि निघण्यासाठी उठले. मी म्हणालो, साहेब, थोडं बसा.

मी सगळं सांगितलं. रडलो वगैरे नाही. सांगताना मला वाटत होतं की ते उठून उभे राहतील, ओरडतील, पोलिसांचं नाव काढतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि वही उघडली. किल्ली कुठं होती? पेटीला कुलूप होतं का? त्या दिवशी फडात कोण असायला हवं होतं? बांधलेला गठ्ठा सोडल्याचं कोणाच्या लक्षात का आलं नाही? मी उत्तरं देत गेलो, ते लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "मी हातोडा आणि किल्ली एकाच माणसाजवळ दिली, आणि तो सज्जन आहे म्हणून पुढचं बघितलं नाही. ही माझी चूक. माझ्या कागदावर ती मी लिहीन."

मी विचारलं, आणि माझी?

"तुमची तुम्ही मालकांना सांगा. आज सांगा. आणि त्याला घेऊन या. मी पत्र टाकलं तर तो यायचा नाही."

मालकांना सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही, पण मुकादमी गेली. मी पुन्हा नुसता कारकून झालो, बारा वर्षांपूर्वीचा. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मले माहीत होतं. मग म्हणाली, मी वाट पाहून राह्यली होती, तुमी कवा सांगता त्याची.

दसरा झाला, नद्यांचं पाणी उतरलं, तसा मी निघालो. आलापल्लीपर्यंत लाकडाचा ट्रक, पुढं बैलगाडी, मग पायी. शेवटची नदी डोंग्यातून ओलांडली. तीन नद्या जिथं मिळतात तिथून थोड्या अंतरावर माडिया लोकांच्या एका पाड्यात तो राहत होता. बांबूच्या राशीपुढे उभा राहून तो मोजत होता. मला बघितलं आणि मोजणी संपेपर्यंत थांबला नाही. मग आला, पाणी दिलं.

आधी मी सासरे गेल्याचं सांगितलं. तो नदीकडे तोंड करून बसला. बऱ्याच वेळानं उठला, अंघोळ करून आला. मग मी दुसरं सांगायला लागलो.

"माहीत हाये मले," तो मध्येच म्हणाला.

"काय माहीत हाये?"

"पट्ट्या पाह्यल्या तवाच कळलं. छाप उलट्या कडेनं जास्त दाबला होता. तुमी डावखुरे हाव, भाऊजी. आपल्या गिरणीत दुसरं कोन हाये डावखुरं?"

 मी विचारलं, "मंग साहेबाले सांगतलं काऊन नाई?"

"बाईचं घर हाये ना ते." त्याचा हात कमरेच्या करगोट्याकडे गेला. "आन किल्ली अंगावरून काढाले नाई पाह्यजे होती मी. ते खरंच माहं चुकलं."

मी म्हणालो, तू इतका कसा रे चांगला? हे मी कौतुकानं म्हटलं नव्हतं. त्या क्षणीसुद्धा मला हेवाच वाटत होता. चार महिने जंगलात राहून, बाप गेलेला न कळून, याच्याकडे माझ्यापेक्षा काहीतरी जास्त होतंच.

"चांगला कशाचा," तो म्हणाला. "इतक्या दूर काऊन आलो? बल्लारशात राह्यलो असतो त मारलं असतं तुमाले."

हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं, आणि विचित्र वाटेल, पण मला बरं वाटलं. त्यानंतर आम्ही जेवलो. दोन दिवसांनी ठेकेदाराचा हिशोब हातावेगळा करून तो माझ्याबरोबर निघाला.  एकदा नदी ओलांडताना त्यानं माझा हात धरला, प्रवाह जोराचा होता म्हणून. पलीकडे गेल्यावर सोडला.

साहेबांनी नवी पद्धत लावली. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली साळ्याकडे, दुसरी आरा चालवणाऱ्या मिस्त्रीकडे. दोघं असल्याशिवाय हातोडा बाहेर यायचा नाही, आणि बांधलेल्या गठ्ठ्याला शिक्का. माझ्याकडे किल्ली नव्हती. मी कार्डं लिहायचो. घरी साळा पुन्हा ओसरीत झोपू लागला. बायको माझ्यासमोर बसू लागली, लगेच नाही, माघ उजाडल्यावर. गोष्टींत सांगतात तसं माझं मन काही धुऊन निघालं नाही. त्याच्या सहीखाली कार्ड ठेवताना मला रोज टोचायचं. फक्त आता मला कळायचं की हे टोचतंय, आणि मी हात जागेवर ठेवायचो.

दोन वर्षांनी मनोऱ्याच्या पट्ट्यांचं काम संपलं. त्याच महिन्यात साहेबांचं पत्र आलं. भट्टीला माल पुरवणारे कारखाने आता वाढणार होते, लोखंडाचे, तांब्याचे, सिमेंटचे, आणि तिथं जाऊन बघणारी माणसं हवी होती. साळ्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, मला लोखंडातलं काय कळतं? साहेबांनी दुसऱ्या पत्रात लिहिलं की लोखंडाचं शिकवता येतं.

आम्ही त्याला बसवून द्यायला बल्लारशा स्टेशनवर गेलो. नवा सदरा, पत्र्याची पेटी. बायकोनं वाळवलेले झिंगे बांधून दिले होते आणि डब्यातल्या लोकांना वास येईल म्हणून तो ते पेटीच्या तळाशी घालत होता. गाडी हलली, त्यानं खिडकीतून हात काढला आणि गाडी पुलाकडे वळेपर्यंत काढलेलाच ठेवला.

परत येताना रस्त्यात ऊन होतं. मी बायकोला म्हणालो, तुझ्या भावाचा मला अजून हेवा वाटतो. हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो.

ती चालत राहिली. बरंच पुढं गेल्यावर म्हणाली, "मले बी वाटते."

मी तिच्याकडे बघितलं.

"त्याले समुद्र दिसन," ती म्हणाली. "मी त्याच्याहून मोठी हावो. मले कोनं इचारलं, तुले जायाचं हाये का म्हनून?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.  आम्ही बाजाराकडून गेलो, कारण घरात तांदूळ संपला होता.